अचूक भोकासाठी ड्रिल मशीनची मांडणी : स्पिंडलपासून कामापर्यंत

दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून त्यांतून चार बोल्ट ओवायला जावे, तीन सहज बसावेत आणि चौथा अडून राहावा, हा अनुभव धातूकाम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतो. मग गोल कानस हाती घेतली जाते, भोक लांबट होते, बोल्ट कसाबसा आत जातो आणि दोष हाताच्या माथी मारला जातो. हात नेहमीच निर्दोष असतो असे नाही. पण पुष्कळदा चूक भोक पाडण्याच्या कितीतरी आधी, बेल्टचे झाकण बंद असताना आणि स्पिंडल (ड्रिलला फिरवणारा दांडा) स्थिर असतानाच झालेली असते.

भोक तीन प्रकारे चुकते. त्याची जागा चुकते, माप चुकते किंवा दिशा चुकते. जागा बहुधा आखणीत, पंच मारताना किंवा ड्रिलचे टोक पहिल्यांदा पृष्ठभागाला टेकते त्या क्षणी बिघडते. माप वाढते ते ड्रिलच्या दोन धारा असमान असल्यामुळे किंवा चक (ड्रिल पकडणारा भाग) वेडावाकडा फिरत असल्यामुळे. दिशा बिघडण्यास टेबल, वाइस (भोक पाडायचा तुकडा आवळून धरणारा शिकंजा) आणि वाकणारे ड्रिल हे तिघे कारणीभूत असतात. या तिन्ही चुका एकत्र मिसळल्या की कोणती कुठून आली हे कळत नाही, म्हणून तपासणीचा क्रम फार महत्त्वाचा आहे. सुरुवात स्पिंडलपासून करावी, मग चक, मग टेबल, मग वाइस आणि सर्वांत शेवटी ड्रिल व काम (म्हणजे भोक पाडायचा तुकडा), असे बाहेर बाहेर यावे. कारण पुढचे प्रत्येक मोजमाप मागच्या भागावर विसंबून असते. टेबल आधी सरळ करून नंतर क्विलचा (स्पिंडलला वरखाली नेणाऱ्या नळीचा) ढिलेपणा काढला, तर टेबलाचे काम पुन्हा करावे लागते.

येथे गोल कॉलमचे साधे ड्रिल मशीन गृहीत धरले आहे, मग ते बेंचवर बसणारे असो वा जमिनीवर उभे राहणारे. साहित्य म्हणून ०.०१ मि.मी. मोजणारे डायल गेज व त्याचे मॅग्नेटिक स्टँड, एक विश्वासू गुण्या, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), सरळ कडेची पोलादी पट्टी, व्हर्नियर कॅलिपर आणि ग्राइंड केलेली १० मि.मी. व्यासाची सरळ दांडी एवढे पुरे. पुढची सर्व तपासणी मशीनचा प्लग काढून करायची आहे. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण या कामात बोटे वारंवार चक आणि बेल्टजवळ जातात.

पाया आणि बेल्ट

ड्रिल मशीनचे वजन वरच्या भागात एकवटलेले असते, म्हणून बेस बेंचला किंवा जमिनीला बोल्टने आवळलाच पाहिजे. आवळण्यापूर्वी बेसचे चारही कोपरे टेकतात का ते पाहावे आणि जो कोपरा अधांतरी असेल त्याखाली पत्र्याची शिम सरकवावी. तसे न करता बोल्ट ओढला तर बेस पिळला जातो आणि तो ताण कॉलमच्या बुंध्यापर्यंत पोहोचतो. पाणसळ लावून मशीन ओळंब्यात उभे करण्यासाठी मात्र तास घालवू नये. कॉलम जमिनीशी काटकोनात आहे की नाही याचा भोकाशी काही संबंध नाही. संबंध आहे तो स्पिंडलच्या अक्षाचा आणि टेबलाचा.

दोन्ही पुली एकाच पातळीत आहेत का ते सरळ पट्टी टेकवून पाहावे. बेल्ट मध्यभागी अंगठ्याने दाबला असता साधारण १० ते १२ मि.मी. दबला की ताण योग्य समजावा. जास्त ताणलेला बेल्ट स्पिंडलला एका बाजूला ओढतो. बराच काळ न वापरलेल्या मशीनचा बेल्ट पुलीच्या आकारात वळून कडक झालेला असतो आणि फिरताना ठराविक तालात ठोके देतो. असा बेल्ट सरळ बदलून टाकावा.

क्विलचा ढिलेपणा

हँडल फिरवल्यावर जी नळी स्पिंडलसह खाली येते ती क्विल. ती हेडमधील भोकात घसरत असते आणि तिथे थोडी जरी मोकळीक असली तरी ड्रिलच्या टोकाशी ती अनेक पटींनी वाढून दिसते. तपासण्यासाठी डायल गेजचे स्टँड टेबलावर ठेवावे, गेजचे टोक क्विलच्या तळाशी बाजूने टेकवावे आणि चक हाताने मागेपुढे, मग डावीउजवीकडे ढकलून काटा किती हलतो ते पाहावे. प्रथम क्विल पूर्ण वर असताना आणि नंतर ५० मि.मी. खाली आणून, असे दोनदा मोजावे. दुसरे वाचन जवळजवळ नेहमीच मोठे येते, आणि त्यातूनच एक सवय लावून घ्यावी: टेबल वर आणून क्विल शक्य तितकी कमी बाहेर काढूनच काम करावे.

बऱ्याच मशीनांत हेडच्या बाजूला लॉकनट असलेला एक स्क्रू असतो, ज्याचे टोक क्विलच्या उभ्या खाचेत बसते. लॉकनट सैल करून हा स्क्रू क्विल जड होईपर्यंत आत घ्यावा, मग ती मोकळेपणाने वरखाली होईल इतकाच मागे फिरवावा आणि स्क्रू धरून ठेवून नट आवळावा. काही मशीनांत हेडची बीड (ओतीव लोखंड) चिरलेली असते आणि आडव्या बोल्टने ती चीर आवळता येते. तिथेही तत्त्व तेच. क्विल परत वर नेणारी गुंडाळीची स्प्रिंग हेडच्या एका बाजूला डबीत बसवलेली असते. ती डबी तपासणीच्या भरात उघडू नये, कारण ताणलेली स्प्रिंग एकदम सुटून बोटांना गंभीर इजा करू शकते.

चक आणि टेपर

आता रनआउट, म्हणजे फिरताना चक मध्यापासून किती हलतो, कारागिरांच्या बोलीत किती ‘आउट’ आहे, ते पाहायचे. मोठ्या मशीनच्या स्पिंडलमध्ये आतून मोर्स टेपर (निमुळते होत जाणारे भोक) असतो, त्यात आर्बर नावाची जोडदांडी बसते आणि आर्बरच्या दुसऱ्या टोकाच्या आखूड टेपरवर चक बसतो. (ज्या स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये पिळाच्या ड्रिलचे अमेरिकी पेटंट घेतले, त्यांचेच नाव या टेपरला आहे.) क्रमांक २ च्या मोर्स टेपरचा उतार सुमारे २० ला १ इतका मंद असतो, म्हणूनच तो कोणत्याही स्क्रूशिवाय नुसत्या घर्षणाने पकड घेतो, आणि म्हणूनच त्यात अडकलेला एखादा लोखंडी कणसुद्धा आर्बरला तिरके बसवायला पुरेसा ठरतो.

आर्बर काढण्यासाठी स्पिंडलच्या आडव्या खाचेत पाचर घालून हलका ठोका द्यावा आणि खाली लाकडाची फळी ठेवावी. चारही टेपर पृष्ठभाग स्वच्छ फडक्याने कोरडे पुसावेत, बोट फिरवून बर (धातूची उठलेली धारदार कड) किंवा ओरखडा लागतो का ते पाहावे आणि उंचवटा असल्यास बारीक ऑइलस्टोनने फक्त तेवढाच घासावा. टेपरवर तेल किंवा ग्रीस लावू नये. परत बसवताना चकचे जबडे पूर्ण आत घ्यावेत, म्हणजे ठोका जबड्यांना न लागता चकच्या अंगाला लागेल, आणि लाकडी हातोडीने खालून एकच ठाम ठोका द्यावा.

मोजणी दोन पायऱ्यांत करावी. आधी आर्बर काढलेल्या स्थितीत स्पिंडलच्या आतील टेपरला गेजचे टोक टेकवून स्पिंडल हाताने फिरवावे. येथे ०.०१ ते ०.०२ मि.मी. पेक्षा जास्त फरक दिसला, तर बेअरिंग किंवा खुद्द स्पिंडलमध्ये दोष आहे आणि चक बदलून काही साधणार नाही. त्यानंतर चक बसवून त्यात ग्राइंड केलेली दांडी पकडावी, चावी तिन्ही छिद्रांत घालून आळीपाळीने आवळावी आणि दांडीवर दोन ठिकाणी मोजावे: एकदा जबड्यांलगत, एकदा ७५ मि.मी. खाली. दोन्ही वाचने सारखी आली तर चक फक्त बाजूला सरकून बसला आहे. खालचे वाचन बरेच मोठे आले तर तो तिरका आहे, आणि तिरकेपणा अधिक त्रासदायक असतो.

साध्या चावीच्या चकमध्ये ०.१ मि.मी. च्या आसपासचा रनआउट सर्रास आढळतो, ०.०५ च्या आत आला तर समाधान मानावे. काट्याची एकूण हालचाल ही प्रत्यक्ष सरकलेल्या केंद्राच्या दुप्पट असते, म्हणजे ०.१ वाचन आले तर केंद्र ०.०५ नेच सरकलेले आहे, हेही ध्यानात असावे. वाचन मोठे असेल तर नवा चक घेण्यापूर्वी एक फुकटचा उपाय करून पाहावा. आर्बर स्पिंडलमध्ये अर्धा फेरा फिरवून बसवावा (चपट्या शेपटीमुळे त्याला दोनच जागा मिळतात) आणि चक आर्बरवर थोडा थोडा फिरवून बसवत प्रत्येक वेळी मोजावे. प्रत्येक भागाची चूक एखाद्या दिशेला असते. दोन चुका एकमेकींसमोर आल्या की पुष्कळशा मिटतात. चांगली जागा सापडली की तिन्ही भागांवर खुणा करून ठेवाव्यात.

टेबल काटकोनात आणणे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. बहुतेक जण चकमध्ये ड्रिल पकडतात, त्याला गुण्या टेकवतात आणि फट दिसली नाही की टेबल सरळ आहे असे मानतात. ही पद्धत दिशाभूल करते, कारण ड्रिलच्या पिळावर गुण्याला टेकायला अखंड पृष्ठभाग मिळत नाही आणि चक आउट असेल तर तीच चूक टेबलाच्या खाती जमा होते. दांडी घेतली तरी दुसरा दोष उरतोच.

योग्य पद्धत म्हणजे गेज स्पिंडललाच बांधून टेबलावर वर्तुळात फिरवणे. चकमध्ये एक जाड, ताठ आडवा हात पकडावा, त्याच्या टोकाला डायल गेज उभे बांधावे आणि गेजचे टोक केंद्रापासून सुमारे १०० मि.मी. अंतरावर टेबलाला टेकवावे. आता स्पिंडल हाताने फिरवले की गेज २०० मि.मी. व्यासाचे वर्तुळ काढते. या मांडणीत चकच्या रनआउटने काही बिघडत नाही, कारण गेज चकसोबतच फिरत असते आणि मोजला जातो तो केवळ फिरण्याचा अक्ष. टेबलातील खाचांमुळे गेजचे टोक अडखळते, त्यासाठी टेबलावर एखाद्या मोठ्या जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी ठेवावी. तिच्या दोन्ही बाजू अतिशय समांतर ग्राइंड केलेल्या असतात. कडी नसेल तर चारही ठिकाणी एकच छोटा समांतर ठोकळा सरकवत वाचने घ्यावीत. डायल गेज मुळीच नसेल, तर झेड आकारात वाकवलेली जाड तार चकमध्ये पकडून तिचे टोक आणि टेबल यांमधील फट फीलर गेजने चार दिशांना मोजली तरी मूळ तत्त्व तेच राहते.

सुरुवात करण्यापूर्वी टेबलावरील बर आणि जुन्या चुकून पडलेल्या खड्ड्यांच्या उंच कडा ऑइलस्टोनने उतरवाव्यात, टेबल ज्या उंचीवर काम करायचे तिथे आणावे आणि कॉलमवरचा क्लॅम्प पूर्ण आवळावा. क्लॅम्प सैल असताना घेतलेले वाचन निरर्थक असते. मी स्वतः एकदा संपूर्ण दुपार टेबल शून्यावर आणण्यात घालवली आणि शेवटी सवयीने क्लॅम्प आवळल्यावर काटा सव्वा दशांश मिलिमीटरने सरकलेला पाहिला. त्या दिवसानंतर माझा हात गेजच्या आधी क्लॅम्पकडे जातो.

चार वाचने घ्यावीत: डावे, उजवे, मागचे, पुढचे. डावे आणि उजवे यांतील फरक ०.२० मि.मी. आला तर टेबल २०० मध्ये ०.२०, म्हणजे हजारात १ इतके झुकलेले आहे आणि २५ मि.मी. जाडीच्या कामात भोक खालच्या बाजूला ०.०२५ मि.मी. सरकेल. या हिशेबाने आपल्या कामाला किती अचूकता लागते ते ठरवता येते. सर्वसाधारण कामाला २०० मि.मी. व्यासावर ०.०५ चा फरक उत्तम म्हणावा. त्यापलीकडे शून्याचा पाठलाग करण्यात अर्थ नाही, कारण तेवढा फरक टेबलावर वाइस ठेवल्यानेही पडतो.

डावीउजवीकडचा कल सुधारणे सोपे असते. टेबलाखालचा मोठा बोल्ट थोडा सैल करून टेबल रबरी हातोडीने हळूच ठोकावे आणि पुन्हा आवळून मोजावे. टेबल शून्य अंशावर बसवणारी पिन असेल तर ती काढून टाकावी, कारण कारखान्यातील ते शून्य फक्त अंदाजाचे असते. मागेपुढचा कल सुधारायला मात्र बहुतेक मशीनांत सोयच नसते. तिथे टेबल आणि ब्रॅकेट यांच्या उभ्या सांध्यात शिम घालावी लागते. टेबलाची पुढची कड खाली असेल तर शिम सांध्याच्या तळाशी, पुढची कड वर असेल तर सांध्याच्या माथ्याशी घालायची. जाडी त्रैराशिकाने काढावी: २०० मि.मी. वर ०.२० चा फरक असून सांध्याची उंची ८० मि.मी. असेल, तर ०.०८ मि.मी. ची शिम लागेल. ज्या मशीनमध्ये असा सांधा नाही, त्यात टेबलावर एक जाड ग्राइंड केलेली प्लेट शिम घालून कायमची बसवावी आणि तीच टेबल मानावी.

टेबल स्थिर असताना सरळ असणे आणि दाबाखाली सरळ राहणे यांत फरक आहे. गेज तसेच ठेवून टेबलाच्या पुढच्या कडेवर हाताने जोर द्यावा. काटा हललेला पाहून पहिल्यांदा अनेकांना धक्का बसतो. टेबल एका बाजूने कॉलमला लटकलेले असते आणि मोठे ड्रिल दाबताना ते पुढे झुकतेच. उपाय दोन: ड्रिल धारदार ठेवून दाब कमी लागेल असे पाहावे आणि जड कामात टेबलाच्या पुढच्या कडेखाली बेसवर टेकणारा छोटा जॅक उभा करावा.

शेवटी क्विलची वाटचालही पाहून घ्यावी. टेबलावर गुण्या उभा करून चकला बांधलेले गेज त्याच्या उभ्या पात्यावरून क्विलसह वरून खाली न्यावे. वर्तुळातील वाचन चांगले आणि हे वाचन वाईट, अशी स्थिती असेल तर क्विलचा मार्ग झिजलेला आहे.

गोल कॉलमची अट

टेबल गोल कॉलमवर वरखाली करताना ते बाजूला फिरते आणि पकडलेले केंद्र हरवते. एकाच भोकासाठी आधी आखूड स्पॉटिंग ड्रिल (सुरुवातीचा उथळ खळगा करणारे), मग लांब ड्रिल, मग त्याहून लांब रीमर (पाडलेले भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) लावायचा असेल आणि मध्येच टेबल खाली करावे लागले, तर आधीची सर्व अचूकता वाया जाते. म्हणून काम क्लॅम्प करण्यापूर्वीच सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड हत्यार चकमध्ये लावून पाहावे आणि दोन्ही क्विलच्या चालीत मावतील अशी एकच उंची ठरवावी. ही उंची बदलली की टेबलाचा काटकोनही एकदा पुन्हा तपासावा.

काम धरणे

वाइस टेबलावर ठेवण्याआधी त्याचा तळ आणि टेबल दोन्ही पुसावेत. चकमधील गेज वाइसच्या आतील तळावरून फिरवून तो टेबलाशी समांतर आहे का ते पाहावे. स्वस्त ड्रिल वाइसचा तळ पुष्कळदा कानसकाम करूनच समांतर करावा लागतो. काम समांतर पट्ट्यांवर ठेवून जबडा आवळला की सरकता जबडा वर उचलतो आणि त्याच्याबरोबर काम तिरके होते. आवळत असतानाच मऊ हातोडीने कामावर ठोके द्यावेत आणि दोन्ही पट्ट्या बोटाने हलवून पाहाव्यात. एक पट्टी जरी हलली तरी काम नीट बसलेले नाही. आरपार भोकासाठी पट्ट्या भोकाच्या वाटेत येणार नाहीत एवढ्या बाजूला ठेवाव्यात.

वाइस टी-बोल्टने टेबलाला बांधावा. ड्रिल आरपार निघताना धातू अचानक पकडते आणि हाताने धरलेली पट्टी पंख्याच्या पात्यासारखी फिरते. त्याच कारणाने हातमोजे घालू नयेत, सैल बाह्या व मोकळे केस आवरून घ्यावेत, चष्मा घालावा आणि चकची चावी चकमध्ये क्षणभरही विसरू नये.

आखणी, पंच आणि केंद्र पकडणे

पोलादावर आखणीची निळी शाई लावावी. ती नसेल तर मोरचुदाचे पाणी चालते, कारण त्यातील तांबे पोलादावर पातळ थरासारखे बसते आणि त्यावर स्क्रायबरची रेघ स्वच्छ उठून दिसते. रेघ एकदाच ओढावी. दोनदा ओढलेली रेघ जाड होते आणि छेदबिंदूची अचूकता तिथेच जाते. छेदबिंदूवर आधी ६० अंशांचा डॉट पंच ठेवावा. त्याचे टोक तिरके धरून एका रेघेतून सरकवत आणले की छेदाशी ते किंचित अडते आणि ही अडखळ डोळ्यापेक्षा बोटाला अधिक बरोबर कळते. तिथे पंच उभा करून हलका ठोका द्यावा, भिंगाने पाहावे आणि खूण सरकलेली दिसली तर पंच तिरका धरून ती ओढून घ्यावी. खात्री झाल्यावरच ९० अंशांचा सेंटर पंच मारावा. त्यानंतर डिव्हायडरने भोकाच्या व्यासाचे आणि त्याहून थोडे लहान, अशी दोन वर्तुळे आखून ठेवावीत; पुढे हीच साक्षीदार ठरतात.

केंद्र पकडताना चकमध्ये टोकदार सरळ दांडी घ्यावी, वाइसचे बोल्ट बोटानेच बसवलेले असावेत, टोक पंचाच्या खळग्यात हलकेच टेकवावे आणि स्पिंडल हाताने फिरवावे. वाइस आपोआप थोडा सरकून जागेवर येतो. मग बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत आणि टोक उचलून पुन्हा टेकवून पाहावे.

ड्रिलची निवड आणि धार

ड्रिल म्हणजे एका टोकाला धरलेली बारीक काठी आहे आणि तिचा वाकण्याचा कल लांबीच्या घनाने वाढतो. प्रचलित लांबीच्या १० मि.मी. ड्रिलची एकूण लांबी १३३ आणि पिळाची लांबी ८७ मि.मी. असते, त्याच व्यासाच्या आखूड ड्रिलची ८९ आणि ४३. बाहेर राहणारी लांबी जवळजवळ निम्मी झाली की तेवढ्याच बाजूच्या जोराने होणारा वाक आठव्या हिश्शावर येतो. अचूकतेसाठी पैसे खर्च करायचेच असतील, तर माझ्या मते महागड्या चकपेक्षा आधी आखूड ड्रिलचा संच घ्यावा.

साध्या पोलादाला ११८ अंशांचे टोक ठीक असते. स्टेनलेस आणि कठीण पोलादाला १३५ अंशांचे, मध्यभागी चिरलेले टोक अधिक चांगले, कारण ते सुरुवातीला कमी भटकते. धार लावताना दोन्ही ओठ (कापणाऱ्या धारा) समान लांबीचे आणि समान कोनाचे असावेत. एक ओठ लांब राहिला तर टोक मध्यावरून सरकते आणि भोक ड्रिलच्या मापापेक्षा मोठे पडते. भोक पाडताना दोन्ही खाचांतून सारखीच वळणदार कात (कापून निघणारा धातू) निघत असेल तर धार बरोबर आहे. एकाच बाजूने कात येत असेल तर मशीनला दोष देण्याआधी ड्रिल ग्राइंडरवर न्यावे.

सुरुवातीसाठी लेथचे सेंटर ड्रिल सर्रास वापरले जाते, परंतु त्याच्या ६० अंशांच्या शंकूत ११८ अंशांच्या ड्रिलच्या बाहेरच्या कडा आधी टेकतात आणि ड्रिल थरथरते. १२० अंशांचे स्पॉटिंग ड्रिल घेतल्यास मुख्य ड्रिलचे टोक मध्यभागी आधी टेकते आणि तिथूनच सरळ खाली उतरते.

वेग

हाय स्पीड स्टीलच्या ड्रिलसाठी साध्या पोलादात कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर धरला, तर मिनिटाचे फेरे काढायला ८००० ला मि.मी. मधील व्यासाने भागावे एवढेच सूत्र पुरते: ५ मि.मी. साठी १६००, १० साठी ८००, २० साठी ४००. स्टेनलेससाठी हे फेरे निम्मे करावेत, ॲल्युमिनियमसाठी तिप्पट केले तरी चालतात. हिशेबाचा आकडा पुलीच्या दोन पायऱ्यांमध्ये पडला तर खालची पायरी घ्यावी. सर्वांत मंद पायरीसुद्धा जास्त वेगाची ठरत असेल तर त्या व्यासाचे काम त्या मशीनचे नाही.

प्रत्यक्ष भोक

स्पॉटिंग ड्रिलने उथळ खळगा करावा, मशीन थांबवावे आणि खळग्याची कड आखलेल्या लहान वर्तुळाशी एककेंद्री आहे का ते पाहावे. खळगा एका बाजूला गेला असेल, तर ज्या बाजूला जायला हवे त्या बाजूने गोल नाकाच्या छिन्नीने खळग्याच्या उतारावर एक बारीक खाच पाडावी. पुढच्या वेळी ड्रिल तिकडे ओढले जाते. हा जुना उपाय आजही काम देतो, मात्र ड्रिल पूर्ण व्यासाने आत शिरण्यापूर्वीच.

१० मि.मी. च्या वरच्या भोकासाठी आधी लहान भोक पाडावे, आणि ते मोठ्या ड्रिलच्या मधल्या आडव्या धारेच्या लांबीपेक्षा किंचितच मोठे असावे. फार मोठे पूर्वभोक पाडले की मोठ्या ड्रिलला मध्यभागी आधार राहत नाही, ते फक्त कडांनी कापते आणि भोक गोल न होता त्रिकोणी वळणाचे होते. कटिंग ऑइल वापरावे. खोली व्यासाच्या तिप्पट झाली की प्रत्येक वेळी साधारण एका व्यासाइतके उतरून ड्रिल बाहेर काढावे आणि कात झाडावी. पिळात दाटलेली कात ड्रिलला बाजूला ढकलते. आरपार निघण्याच्या बेतात हँडलवरचा जोर निम्म्याहून कमी करावा.

बंद भोकाची खोली लावताना टोकाचा शंकू विसरू नये. ११८ अंशांच्या टोकाची उंची व्यासाच्या ०.३ पट असते, म्हणून १० मि.मी. च्या ड्रिलने २० मि.मी. पूर्ण व्यासाची खोली हवी असेल तर टोक पृष्ठभागाला टेकल्यापासून २३ मि.मी. वर डेप्थ स्टॉप लावावा.

पिन घट्ट बसावी असे भोक ड्रिलने मिळत नाही. एच७ या प्रमाणित अचूकतेच्या १० मि.मी. भोकाला शून्य ते अधिक ०.०१५ एवढीच मुभा असते. त्यासाठी काम न हलवता ९.८ ने भोक पाडून निम्म्याहून कमी वेगाने, भरपूर तेल घालून रीमर फिरवावा आणि बाहेर काढतानाही तो उलटा फिरवू नये. रीमर माप सुधारतो. जागा किंवा दिशा सुधारत नाही, कारण तो आधीच्या भोकामागेच जातो.

चाचणीचे भोक

सर्व मांडणी झाल्यावर ४० मि.मी. च्या आसपास जाडीचा, कडा काटकोनात असलेला ठोकळा घेऊन त्यात वरील क्रमाने १० मि.मी. चे भोक पाडून रीम करावे. त्यात दोन्ही बाजूंनी बाहेर येईल एवढी लांब डॉवेल पिन (नेमक्या व्यासाची गुळगुळीत पिन) घालावी आणि ठोकळ्याच्या एका कडेपासून पिनपर्यंतचे अंतर वरच्या व खालच्या बाजूला, पृष्ठभागालगत व्हर्नियरने मोजावे. हेच लगतच्या दुसऱ्या कडेपासूनही करावे. वरखालच्या अंतरातला फरक म्हणजे त्या दिशेतला कल.

मग ठोकळा वाइसमध्ये अर्धा फेरा फिरवून धरावा आणि दुसरे भोक पाडावे. मशीनसमोर उभे राहून पाहता दोन्ही भोके एकाच दिशेला झुकली असतील तर दोष टेबलात किंवा वाइसमध्ये आहे. तो वेगळा काढण्यासाठी वाइस टेबलावर उलट दिशेने बसवून तिसरे भोक पाडावे. वाइसबरोबर कलाचीही दिशा उलटली तर वाइस दोषी, नाही तर टेबल. दोन्ही भोके ठोकळ्याच्या एकाच कडेकडे झुकली असतील तर ठोकळ्याच्याच बाजू काटकोनात नाहीत. आणि कलाला कोणतीच ठराविक दिशा नसेल, दर भोकाला ती बदलत असेल, तर यंत्राला हात न लावता ड्रिलची धार आणि पंचाची खूण यांच्याकडे परत जावे.